दीड दिवसाचा गणपती

“लक्ष्मीकांता, आज तरी देवाक उठव!” तुकाराम गवंडी कडाडला. “दीड दिसाचो गणपती तुमचो. अनंत चतुर्दशी पण उलटली. कोप होतलो, मेल्या!”

“दोन दीस थांब, दादा.”

म्हणे दोन दीस! रोज तेच. कुवेतमधल्या फिंतास गावातल्या दोघांच्या खोलीत लाकडी खोक्यावर लाल फडकं घालून देव बसवला होता. मूर्ती तुकारामानेच घडवलेली. विसर्जनाला जायचं तर समुद्रावर सैनिक होते, मान्य. पण बादलीभर पाणी तर होतं! देवाधर्मात त्याला एवढीशी हयगय खपत नसे.

बाहेर सगळंच उलटंपालटं झालेलं. नव्वदच्या ऑगस्टात इराकने कुवेत आपल्यात जोडून घेतला. गाड्यांच्या पाट्या बदलल्या, घड्याळं बदलली. लक्ष्मीकांत कारकून होता त्या इस्पितळातलं जन्मनोंदीचं जुनं रजिस्टर मात्र गायब होतं. कुवेतचं नाव असलेला कागद लपवणाऱ्याला गोळी घालू, असं सैनिकांनी बजावलं होतं.

दार धाडकन उघडलं. बंदूकवाला आत शिरला. गाद्या उलटल्या, डबे सांडले. मग नळी देवाखाली वळली. “खोका उघड.”

लक्ष्मीकांत पांढराफटक पडला. ते पाहून तुकाराम काय ते समजला. तो देवापुढे आडवा उभा राहिला.

“आत माझ्या भावाच्या अस्थी आहेत,” तो मोडक्या अरबीत म्हणाला.

देवाखाली अस्थी! शिव शिव! असलं अभद्र तो जन्मात बोलला नव्हता. सैनिक उतारवयाचा होता. त्याने छातीवर हात ठेवला, काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला.

लक्ष्मीकांताने भिंतीकडून खोक्यात हात घालून रजिस्टर काढलं. शेवटची नोंद त्याने चोरून केलेली, कालचीच होती. मुलगी. देश : कुवेत.

“आमची स्कॉटलंडची मेट्रन सांगायची,” तो रजिस्टर मिटत म्हणाला. “तिचो देश शेजाऱ्यात मिसळलो, तेव्हा राजाचो मुकुट पेटयेत बंद केलो. शंभर वर्सांनी पेटी उघडली. मुकुट होतो तसोच. ही पोरा मोठी होतली, दादा. खयच्या देशात जल्मलो, ता इचारतली.”

तुकारामाने रजिस्टर पुन्हा आत सरकवलं. फडकं नीट केलं. डब्यातला उरलासुरला गूळ देवापुढे ठेवला.

“उद्यापासून देवाक गाऱ्हाणा मी घालतंय,” तो म्हणाला. “ह्या पोरांचो देश परत येयपर्यंत देव उठाचो नाय.”