ड्रॉइंगमध्ये नसलेली मूठ

लष्करी रुग्णवाहिकेची दारं परदेशी कंपनीच्या सॉफ्टवेअरवर उघडायची. तरी बाबांनी, कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या फिटरने, प्रत्येक दाराला आतून हाताने उघडायची लोखंडी मूठ बसवलीच. लेक तिथेच तपासणीला. "ड्रॉइंगमध्ये नाही ती. गाड्या बोटीवर चढायच्या आत काढून टाका," तिने बजावलं. "काढतो बाई," ते निमूट म्हणाले. एवढ्या सहज ऐकलं याचं तिला नवलच वाटलं. आज गाड्या घेणाऱ्या देशातून फोन आला. त्या देशाशी बिनसल्यावर कंपनीने सॉफ्टवेअर परस्पर बंद केलं, जखमींना घेऊन निघालेली गाडी कुलूपबंद झाली. "पण तुमची मूठ होती म्हणून वाचलो," चालक सांगत होता. ती तडक बाबांकडे गेली. ते डबा धूत होते. "बाबा, तिकडे दारं अडकली. मुठी काढल्या नव्हत्या तुम्ही." "सगळे बाहेर आले ना?" "सगळे." "काढायचं राहूनच गेलं बघ." तिने ड्रॉइंग पसरून पेन्सिल त्यांच्या हातात दिली.