निशिगंधाचा कमरपट्टा

लेकीच्या डोहाळजेवणासाठी फुलांचे दागिने मी घरीच ओवत होते. निशिगंधाचा कमरपट्टा झाला आणि जावयांचा फोन आला. बाळ पोटातच गेलं होतं.

लेक दवाखान्यातून माहेरी आली, तेव्हा नणंद माझ्या कानाशी लागली. "वहिनी, ती फुलं फेकून द्या. बाळाचा विषय काढू नका, विसरेल हळूहळू."

विसरायला बाळ म्हणजे काय छत्री होती?

लेकीनं वासावरूनच ओळखलं. "आई, माझे दागिने कुठायत?"

"अगं, ते आता कशाला?" नणंद मध्ये पडली.

"मला नकोत, आत्या. त्याला हवेत. पुरुषांनी नुसत्या फडक्यात गुंडाळून पुरलं त्याला. बायकांनी यायचं नसतं म्हणे. एक फूल घातलं नाही कुणी."

मी फ्रिजमधून कमरपट्टा काढला, दोरा तोडला, फुलं ताटात सोडली आणि सुई घेतली. "उद्या आपण दोघी जाऊ. कोण अडवतं बघते. माळ केवढी करू गं?"

लेकीनं दोन्ही हात उचलले आणि हवेत त्याची लांबी दाखवली. नातवाला मी तेवढंच पाहिलं.