गुलाबी गिलास

मला एचआयव्ही आहे हे वृंदावन योजना कॉलनीतल्या प्लेस्कूलला कुठूनसं कळलं आणि त्यांनी माझ्या स्वरदाचा गिलास वेगळा केला. तिला एचआयव्ही नाही, आणि असता तरी गिलासातून तो कुणालाच होत नाही, हे मी फोनवर दोनदा सांगून पाहिलं. "मैडम, बाकी पेरेंट्स का भी देखना पड़ता है," टीचर म्हणाल्या. म्हणजे सगळ्या मुलांना स्टीलचे गिलास आणि आमच्या स्वरदाबाईंना एकटीला गुलाबी, वर आंब्याचं चित्र.

आईच्या आजारावरून मुलीला वेगळं ठेवता येत नाही असं सांगणारा कायदा मी छापून घेतला, चार वेळा वाचला आणि मधल्या सुट्टीतच शाळेत धडकले.

पाण्याच्या फिल्टरसमोर रांग होती. स्टीलचे गिलास तसेच पडून होते. बावीस मुलांना गुलाबीतूनच प्यायचं होतं, आणि स्वरदा रुबाबात एकेकाचा नंबर लावत होती.

"बहुत मना किया, मैडम," टीचर ओशाळून म्हणाल्या. "कोई मानता ही नहीं."

मी कागद त्यांच्या हातात ठेवला. तेवढ्यात गोलूचा नंबर आला, त्याच्या नाकाला धार लागलेली.

 

"टीचर, पहले इसकी नाक पोंछिए. मेरी बेटी भी इसी गिलास से पीती है."