अडगळीची खोली

“कादंबरीतली ही अंधारी खोली खरी नाहीच,” मानसशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले. “नायकाला तसा भास होतो. आईवरचा राग त्याला कबूल करता येत नाही, म्हणून त्याचं मन ही अडगळीची खोली रचतं. खोली म्हणजे आईचं पोट.”

वाचनालयाच्या सभागृहात माना डोलल्या. दुसऱ्या रांगेत लेखकाची आई बसली होती. शेजारी तिची धाकटी जाऊ कुजबुजली, “अडगळीच्या खोलीला पोट म्हणतोय मेला! याच्या घरी फुटक्या बादल्या कुठं ठेवतात?”

आईला हसू आलं नाही. साठी उलटल्यावर ती अक्षरं शिकली होती. लेकाची कादंबरी तिनं ओळीखाली बोट ठेवून सात महिने वाचली. त्या खोलीचं पान आलं आणि बोट पुढं सरकेना.

लेक मोठा झाल्यावर विचारायचा, “आई, तू मला कोंडायचीस ना गं?” ती हातातलं काम न सोडता म्हणायची, “काहीतरीच काय! स्वप्न पडलं असेल.” पुढं तो झोपेत दारं बडवायला लागला. तिनं डॉक्टरांनाही तेच सांगितलं. वीस वर्षं तो भास थांबायच्या गोळ्या खात होता. आज तिचीच थाप हा शिकलेला माणूस जड जड शब्दांत सांगत होता.

प्राध्यापक मंचावर बसलेल्या लेखकाकडे वळले. “तुमच्या लहानपणी अशी खोली होती का हो?”

लेकानं मान खाली घातली. “नव्हती. म्हणजे, आई म्हणते नव्हती.”

ती उठली. जावेनं हात ओढला. “अहो जाऊबाई, बसा ना! लोक बघतायत.”

“होती,” ती म्हणाली. “मी कारखान्यात शर्टांना बटणं लावायला जायचे. पोराला बघायला कुणी नव्हतं. दारासमोर गाड्यांचा रस्ता. बाहेरून कडी मीच लावायचे.”

आता लेक आपलं तोंडही बघणार नाही, असं तिला वाटलं. याच भीतीपायी ती इतकी वर्षं खोटं बोलत आली होती.

लेक मंचावरून उतरला, तिच्यापुढं येऊन उभा राहिला. केस पिकायला लागलेला माणूस, पण आवाज एवढासा झाला होता.

“म्हणजे मी वेडा नव्हतो ना, आई?”