पाच पायांचं झुरळ

मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी हिरवा अंगरखा घालून निवृत्त प्राध्यापक खटावकर सर स्ट्रेचरवर पडले होते. चष्मा काढून घेतल्यामुळे सगळं जग पाण्यात बुडाल्यासारखं दिसत होतं. वॉर्डातले मामा स्ट्रेचर आत ढकलणार, एवढ्यात एका सिस्टरने हात आडवा घातला.

"मामा, थांबा. कागदावर उजवा डोळा लिहिलाय. खुणेची पट्टी डाव्या भुवईवर आहे."

एकच धावपळ उडाली. डॉक्टरांनी माफी मागितली, पट्टी उजवीकडे आली. सरांनी सिस्टरच्या दिशेने हात जोडले.

"देवासारख्या धावून आलात, सिस्टर."

"सर, मी रुकसाना. नर्सिंगला जाण्याआधी वर्षभर तुमच्याच प्राणिशास्त्राच्या वर्गात होते."

सरांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. 'झुरळ फाडून पुढे उपयोग काय?' या पोरांच्या प्रश्नाला चौतीस वर्षांत त्यांना एकदाही धड उत्तर देता आलं नव्हतं. फक्त प्रॅक्टिकलच्या आधी ते गुपचूप प्रत्येक झुरळाचा एक पाय तोडून ठेवत. मुलं ट्रेकडे न बघताच सीनियरच्या जर्नलमधून सहा पायांचं चित्र उतरवत आणि सर त्यावर लाल शाईने लिहीत, 'समोर किती आहेत?'

"म्हणजे तू चित्रात पाच पाय काढणाऱ्यांतली!" सर एकदम खुलले.

"छे हो, सर. सहाच काढले होते," स्ट्रेचरला हात लावत ती हसली. "पण तेव्हापासून मोजते."