गोडं पाणी

तापमापकाचा काटा तांबड्या रेघेला भिडला तसं सिराजनं इंजिन बंद केलं. लाँच लाटांवर आडवी झाली.

"काय झालां रे?" सुकाणूवरून बाबू ओरडला. त्याचा थोरला भाऊ गंगाराम आणि गंगारामचा जावई होडी घेऊन देवगडाहून गेले, त्याला आज तिसरा दिवस. त्यांनाच शोधायला दोघं निघाले होते.

"तापलां. पण पहाटेच इंजिनात डबोभर थंडायेचां औषद, कूलंट, घातलंय मी. निव्वळ! पाण्याचो थेंब नाय."

बाबूनं कपाळावर हात मारला. आगबोटींच्या इंजिनखोलीत त्याची दहा वर्षं गेली होती. "अरे शाण्या, अर्ध्यात अर्धां पाणी लागतां त्याका! इंजिनात तां तापान पातळ होतां, पण बुडाखालच्या नळयेंत समुद्राचो गारवो लागलो काय तेलासारख्यां दाट. मगे पुढे सरकात कसां?"

चहूकडे पाणीच पाणी, पण खारं. इंजिनाला खाऊन टाकणारं. लाँचवर गोडं पाणी म्हणजे एक मडकं. गंगारामच्या बायकोनं, रुक्मिणीनं, धक्क्यावर स्वतः आणून दिलेलं. "गावले काय आधी ह्यां पाज त्यांका," म्हणाली होती.

"तां तुझ्या भावाचां पाणी," सिराज पुटपुटला.

"आणि भावाकडे जातलास कसो? पोहान?" बाबूचा आवाज चिरकला. "वत!"

इंजिन निवेपर्यंत दोघं थांबले. मग सिराजनं निम्मं औषध डब्यात काढलं, बिस्मिल्ला म्हटलं आणि मडकं कलतं केलं. पाणी गुडगुडत आत जाऊ लागलं. तळाला तांब्याभर उरलं, तेव्हा मात्र त्याचा हात पुढे जाईना. बाबू कुणकेश्वराच्या दिशेला तोंड करून हात जोडून उभा होता.

इंजिन लागलं. काटा वर चढला, पण तांबड्या रेघेच्या खालीच थांबला.

उन्हं चढल्यावर होडी दिसली. शिडाच्या सावलीत दोघं पडून होते. सिराजनं तांब्या पुढे केला. गंगारामनं खुणेनंच तो आधी जावयाकडे वळवला. त्यानं निम्मा पिऊन परत दिला.

"मडकोभर होतां, दादानू," सिराजची मान वर होईना. "बाकीचां इंजिनाक घातलंय. चूक माझी."

गंगारामचे ओठ फुटले होते. तांब्या तोंडाशी नेता नेता तो थांबला. लाँचमध्ये धडधडणाऱ्या इंजिनाकडे त्यानं पाहिलं.

"त्याची तान भागली मा?"