तेरावं इंजिन

ब्राझीलमधल्या पिरासिकाबाच्या आमच्या ट्रॅकवर यंदापासून पोरांच्या शर्यतीच्या छोट्या गाड्या, म्हणजे कार्ट, पेट्रोलऐवजी उसाच्या अल्कोहोलवर पळणार होत्या. अल्कोहोलवर इंजिन जास्त पितं, म्हणून तेराही इंजिनांच्या कार्बुरेटरमधल्या जेटचं, म्हणजे इंधन सोडणाऱ्या तोटीचं, भोक मी हाताने मोठं केलं. तेराव्याला ड्रिल घसरलं. वाजवीपेक्षा मोठं झालेलं भोक काही पुन्हा लहान होत नाही. ते इंजिन आता प्रत्येक वळणावर गुदमरणार होतं. नवं जेट मंगळवारी येणार आणि शर्यत रविवारी.

"गप्प बस रे वाल्देसिर," मी हे सांगताच ट्रॅकची मालकीण दोना नेउझा म्हणाली. "तेरा पोरं, तेरा इंजिनं. एक कमी पडलं तर शर्यत बोंबलेल. आणि आपण चिठ्ठ्या टाकूनच देतो ना? ज्याचं नशीब फुटकं, त्याला जाईल ते."

रविवारी सगळ्या आईबापांसमोर मी छातीठोकपणे सांगितलं, "तेराही इंजिनं अगदी सारखी आहेत!"

माझ्या लेकीला, जुसाराला, पाच नंबर निघाला. मी हळूच क्रुसाची खूण केली. तेरा निघाला चिमुरड्या मायाराला. चिठ्ठी बघताच तिने भोकाड पसरलं, "तेरा अपशकुनी असतो! मला नको!"

 

जुसाराने तिचे डोळे पुसले आणि आपली चिठ्ठी तिच्या हातात कोंबली. "रडू नको गं, घे माझा पाच. पप्पांनी आत्ताच सांगितलंय ना, सगळी सारखीच आहेत म्हणून!"